मशीन चालू, माणूस नको

मला ऑफिसात अशी एक वेळ दाखवा की सगळे कॉम्प्युटर चालू आहेत आणि त्यांच्यापुढं एकपण माणूस बसलेला नाही. सापडली तर लगेच फोन करा, चहा आणि मिरची भजी माझ्याकडनं.

बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत मी आयटी बघतो. बघतो म्हणजे काय, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढण्यापासनं ते मालकांच्या नातवाच्या गेमचा पासवर्ड शोधण्यापर्यंत सगळंच. तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार असं साहेबांना कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि साहेबांनी मला विचारलं, आपले किती कॉम्प्युटर ११ वर जातात? आता ११ ला टीपीएम २.० (म्हणजे मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतंय, कमीत कमी ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, आणि प्रोसेसर इंटेलचा असला तर साधारण आठव्या जनरेशनपासनं पुढचा. सव्वाशेच्या आसपास मशीनी, प्रत्येकाच्या मागं वाकून धूळ झाडत हे बघायचं म्हटलं तर विंडोजच्या आधी माझ्या कंबरेचा सपोर्ट संपणार. म्हणून इन्व्हेंटरी स्कॅन. टूल नेटवर्कवरनं एकेका मशीनला विचारतंय, बाबा तुझा प्रोसेसर कुठला, रॅम किती, सिरियल नंबर काय, सॉफ्टवेअर काय काय घालून घेतलंयस. ऐकायला एकदम सोपं.

विचारायचं कधी, घोळ सगळा तिथं.

कुणीपण सांगतंय, रात्री करा की. रात्री आमचे वॉचमन काका राउंड मारतात आणि ऑफिसचा मेन स्विच बोर्डावरनंच खाली ओढतात. मालकांनी कधीकाळी वीज वाचवा म्हणून सांगितलेलं. कंपनीत लावलेल्या एवढ्या सूचनांपैकी ही एकच कुणीतरी मनापासून पाळतंय, त्यांना काय बोलणार. मग मी वेक ऑन लॅनचा विचार केला. म्हणजे बंद मशीनला नेटवर्कवरनं एक मॅजिक पॅकेट पाठवायचं, त्यात आधी सहा वेळा एफएफ हा ठरलेला बाइट आणि मग त्या मशीनचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, लागोपाठ १६ वेळा, टोटल १०२ बाइट. आई माडीवरनं गल्लीत खेळणाऱ्या पोराला नाव घेऊन हाका मारते ना, तसंच, फक्त मोजून सोळा. पण पोरगं गल्लीत तर पाहिजे. नेटवर्क कार्डाला थोडा तरी करंट मिळत असला तरच ते ऐकतंय, आणि करंट काकांनी मेनपासनंच तोडलेला.

रात्रभर चालू मशीनी फक्त डिझाईनमध्ये, तिथल्या बोर्डाला हात लावायचा नाही असा मराठी आणि कन्नड दोन्हीत कागद चिकटवलाय. पण त्या चालू असतात कशाला, तर ही माणसं संध्याकाळी कास्टिंगचं सिम्युलेशन लावून घरला जातात, ओतलेलं लोखंड साच्यात कुठं आधी थिजतंय, पोकळी कुठं राहतीय हे ते मशीन रात्रभर मोजत बसतंय. तिथं मी स्कॅन घुसवलं आणि सकाळी सिम्युलेशन अर्ध्यात लटकलेलं दिसलं, तर पुढच्या हीटला, म्हणजे लोखंडाच्या पुढच्या घाण्याला, मलाच साच्यात ओततील.

आणि ह्यात भर म्हणजे, टूल विकणाऱ्यांच्या पोरानं रिमोटवरनं सेटिंग करताना एक टिक मारून ठेवलेली: ठरलेली वेळ चुकली तर मशीन चालू झाल्याबरोबर स्कॅन सुरू करा. झालं! रात्री दोनचं स्कॅन कुणाचंच झालं नाही, सकाळी सव्वानऊला सगळ्यांनी एका दमात कॉम्प्युटर चालू केले आणि सगळ्या मशीनींना एकदम रात्रीचं राहिलेलं काम आठवलं. तारीख नेमकी २०. जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचा महिन्याचा रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस.

अकाउंट्सच्या अक्कांनी मला बोलावलं नाही, नुसतं बघितलं. त्यांच्या स्क्रीनवर टॅली पांढरीफटक, वर नॉट रिस्पॉन्डिंग, माउसचा गोल फिरतोय. टास्क मॅनेजर उघडायलाच इतका वेळ लागला की तेवढ्यात मागं तीन माणसं येऊन उभी राहिली, आणि उघडला तर डिस्क १०० टक्के. ह्याचं कारण असं की हे टूल सॉफ्टवेअरची यादी काढायला विंडोजच्या विन३२_प्रॉडक्टला विचारत होतं, आणि त्याला यादी मागितली की ते नुसती यादी देत नाही, एमएसआयनं (विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरनं) इन्स्टॉल झालेलं एकेक सॉफ्टवेअर उघडून नीट आहे काय ते तपासत बसतंय. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर म्हणजे बघायलाच नको. हे सगळं मी अक्कांना समजावून सांगायला लागलो.

"ते ऱ्हाऊदे. बंद कधी होणार ते सांगा."

यादी नंतर रजिस्ट्रीतनं, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतनं, काढायला लावली, भार बराच कमी झाला. पण अक्कांचा विश्वास उडाला तो उडालाच. मी कॅलेंडर घेऊन गेलो, म्हटलं अक्का तुम्हीच तारीख द्या. त्यांनी पेन घेतलं आणि गोल करायला सुरुवात केली. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी. म्हटलं मधल्या दिवशी? म्हणाल्या, मधल्या दिवशी त्याची तयारी असते की ओ.

बरं, रविवार धरावा तर दुरुस्तीसाठी आमच्या भागातला करंट नेमका रविवारी काढतात, आणि पावसाळ्यात तर दुरुस्ती नसली तरी जातोय. वर आमचं एक छोटं युनिट वेंगुर्ला रोडवर शिनोळीला आहे, म्हणजे महाराष्ट्रात. गाडीनं अर्धा-पाऊण तास, पण कागदावर दुसरं राज्य, त्यामुळं इथनं तिथं पेटी पाठवली तरी आंतरराज्य माल, त्याला आयजीएसटी. त्यांची वीज वेगळी, सुट्ट्या वेगळ्या. १ नोव्हेंबरला इकडं कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी (त्या दिवसाचा विषय ऑफिसात आम्ही काढत नाही, एका टेबलावर डबा खायचा असतोय), तिकडं काम चालू. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची तिकडं सुट्टी आणि इकडं आम्ही कामावर, कारण आमची बेळगावची शिवजयंती वैशाखात, आणि तेव्हा चित्ररथाच्या मिरवणुकीत रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी निम्मं ऑफिस पेंगत असतंय. खरं सांगायचं तर स्कॅनला तो दिवस बेस्ट. मशीन चालू, माणूस असून नसल्यासारखा. पण वर्षातनं एकदाच येतोय.

शेवटी एचआरच्या मॅडमनी मीटिंग घेतली. त्यांचं सगळ्या प्रश्नांवर एकच उत्तर असतंय, "सर, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडरी." मग अ‍ॅडजस्ट करून ठरलं जेवणाची सुट्टी, एक ते दीड. त्यातपण भानगडी. लॅपटॉपवाले चार्जर काढून कॅन्टीनला जाणार आणि बॅटरीवर टास्क सुरूच होणार नाही, डेस्कटॉप पंधरा मिनिटांत झोपी जाणार, आणि स्टोअरमधली मंडळी डबा कॉम्प्युटरपुढंच उघडून मॅच लावणार. ही अर्ध्या तासाची वेळपण त्यांनी मला धड दिली नाही. मी एकेक धरत गेलो. झोपायची वेळ वाढवली, ती चुकलेल्या वेळेची टिक काढली, एका वेळी दहाच मशीनी, त्यापण मागंपुढं, रोज एक डिपार्टमेंट, शिनोळी वेगळी. अक्कांनी महिन्यातले दोन दिवस मंजूर केले, अट एवढीच की स्कॅन चालू असताना मी त्यांच्या टेबलाजवळ फिरकायचं नाही, बघूनच बीपी वाढतंय म्हणे.

ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त तक्रारी कुणाच्या, तर डिस्पॅचच्या मामांच्या. रोज फोन. "काय करुलालास रे तू? तुझ्या त्या स्कॅननं माझं मशीन पार बसलंय, ई-वे बिल निघंना, दारात ट्रकवाला बोंबलुलालाय." मी रोज सॉरी मामा, बघतो मामा. त्यांच्यासाठी मी वेळ पुढं ढकलली, मागं घेतली, एकदा तर आख्ख्या डिस्पॅचलाच आठवडाभर सुट्टी दिली, तरी फोन चालूच.

रिपोर्ट आला तेव्हा मामांचं मशीन त्यात शोधायला लागलो. नाही. नावानं नाही, आयपीनं नाही, सिरियल नंबरनं पण नाही. जाऊन बघितलं तर त्यावर टूलचा एजंट, म्हणजे मशीनवर बसून टूलला उत्तरं देणारा छोटा प्रोग्राम, कधी बसलाच नव्हता, फायरवॉलनं पहिल्याच दिवशी त्याला दारातनं परत पाठवलेलं. म्हणजे एवढे दिवस ज्या स्कॅननं मामांचं मशीन बसलं, ते स्कॅन त्या मशीनला एकदापण शिवलं नव्हतं. रॅम ४ जीबी, ब्राउझरला तीसेक टॅब उघडे, त्यातल्या एकावर भजन चालू.

म्हटलं मामा, तुमच्या मशीनवर स्कॅन कधी झालंच नाही ओ.

मामांनी भजनाचा आवाज जरा कमी केला, माझ्याकडं बघितलं आणि पलीकडच्या टेबलाकडं बोट केलं. "त्याच्यावर झालं न्हवं? एकाच बोर्डावर आहेत दोन्ही. झळ लागतीय की."

मग मी त्यांच्या मशीनवर एजंट घातला, आणि मामांना सांगितलं की काढून टाकला म्हणून. तेव्हापासनं फोन नाही.