‘एक ठेवून दे’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा कोथरूडला आईने माझ्या भाच्याला जवळ बसवून व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज वाचून दाखवला. ‘चिडवण्याने मुलं कणखर होतात. आमच्या वेळीही हे होतं, कोणाचं काही बिघडलं नाही. बाईंना सांगणारा चहाडखोर. एक ठेवून दे, प्रश्न मिटतो.’ पोरगा सहावीत आहे. जूनपासून शाळेच्या व्हॅनमध्ये आठवीची दोन मुलं त्याचं दप्तर पायाखाली घेतात, डबा उघडून नाक दाबतात. हे त्याने आठवड्यापूर्वी कसंबसं सांगितलं होतं. मेसेज ऐकला आणि तो पुन्हा गप्प झाला. आईने भल्यासाठीच वाचला, पण लिहिणाऱ्याचा मला संताप आला आहे.

कणखर होतात म्हणे! ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. त्यातल्या ७,७७१ मुलांच्या पालकांना मुलं ७ आणि ११ वर्षांची असताना विचारलं होतं, इतर मुलं याला त्रास देतात का? त्या मुलांचं पन्नाशीपर्यंत काय झालं, ते २०१४ साली प्रसिद्ध झालं. वारंवार छळ सोसलेल्यांत नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचार जास्त. पन्नाशीत तब्येत आणि माणसांशी नातीही कमकुवत. घरची परिस्थिती, बुद्ध्यांक, मुलाच्या आधीच्या अडचणी हिशेबात धरूनही हेच दिसलं. चाळीस वर्षं पुरलेला घाव आहे हा. ‘काही बिघडलं नाही’ म्हणणाऱ्यांनी आपल्या वर्गात मागच्या बाकावर एकटं बसणाऱ्याला कधी विचारलं होतं का?

प्रत्येक चिडवाचिडवी म्हणजे छळ नव्हे, आणि दर भांडणाला पालकांनी शाळेत धावू नये, एवढं मान्य. पण बरोबरीच्या मित्रांची थट्टा वेगळी. इथे दोन थोराड मुलं, एक लहान, आणि तेच रोज.

त्याने एक ठेवून दिलीच, तर दुसऱ्या दिवशी दोघांचे चौघे होतील, आणि बाईंना दिसेल तो याचाच हात. शिवाय त्या दोघांना बळ मिळतं ते व्हॅनमधल्या हसणाऱ्यांकडून. ते हसू याच्या एका फटक्याने थांबत नाही.

राहिली चहाडी. दुसऱ्याला अडकवायला सांगतात ती चहाडी. हा मदत मागत होता.

व्हॅनवाल्या काकांनी त्याला आता पुढे आपल्या शेजारी बसवलंय. सोमवारी वर्गशिक्षिकांना भेटायचं आहे, आईही येते म्हणाली.