दवाखान्यातून आलेल्या मांजराला तापाची गोळी देऊ नका

‘मांजर दवाखान्यातून घाबरून आलं तर हे करा’ असा मेसेज सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. डेटॉलच्या पाण्याने अंघोळ, पाव गोळी क्रोसिन, वाटीभर दूध, टोपलीवर जाड चादर, दुसरं मांजर असेल तर दोघांना एका खोलीत कोंडणं, आणि खात नसेल तर दोन-तीन दिवस उपाशी ठेवणं. खाली ‘पशुवैद्यकांचा सल्ला’ असं लिहिलंय. कोणत्या, ते नाही. जुळे सोलापूरला राहणाऱ्या माझ्या आत्याने परवा मनीचं नसबंदीचं ऑपरेशन करून आणलं आणि संध्याकाळी फोन केला, “अगं, गोळीचे चार तुकडे केलेत, एक दुधातनं देऊ का?” यानंतर गप्प बसणं शक्य नाही.

आधी गोळी, कारण हिने जीव जातो. क्रोसिनमधल्या पॅरासिटामॉलचा निचरा करायची जी सोय माणसाच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. मग तयार होणारं विष तांबड्या पेशींवर जातं आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. ‘पाव गोळीने काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. ५०० मिलिग्रॅमची पाव गोळी म्हणजे १२५. तीन किलोच्या मांजराला किलोमागे चाळीसच्या वर. किलोमागे १० मिलिग्रॅमलाही विषबाधा झाल्याची नोंद आहे. आणि ही गोळी भीतीवरची नाहीच! कुणी दिलीच असेल तर लक्षणांची वाट बघू नका, गोळीचं पाकीट घेऊन दवाखाना गाठा. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो लवकर मिळावा लागतो. घरी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका.

डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल मांजराला घातक आहे. अंगाला लागलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं, जीभ भाजते. त्यात ऑपरेशनचे टाके ओले होतात ते वेगळंच.

आता एका खोलीत कोंडण्याचं. आत्याने टोपली दारात ठेवली, तोच रोज मनीला चिकटून झोपणाऱ्या बोक्याची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगली. कान मागे पाडून तो फिसकारायला लागला. त्याचं काही बिघडलेलं नाही. मांजरं एकमेकांना वासावरून ओळखतात, आणि मनीच्या अंगाला दवाखान्याचा वास होता. अशा वेळी दोघांना कोंडलं तर डोळा फुटेपर्यंत भांडतील. फेलाइन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशन (आधीचं नाव अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स) ही मांजरांच्या डॉक्टरांची संघटना आहे. त्यांचा पाळणाऱ्यांसाठीचा सल्ला साधा आहे: आलेल्या मांजराला थोडा वेळ टोपलीतच राहू द्या, घरातली मांजरं शांत असतील तरच दार उघडा. तणातणी दिसली तर वेगळ्या खोलीत खाणं, पाणी, वाळूचा ट्रे देऊन किमान २४ तास ठेवा, म्हणजे अंगाला पुन्हा घरचा वास लागतो. कुणी तिला उचलायचं नाही, पलंगाखालून ओढून काढायचं नाही.

चादरीचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. टोपली झाकली की मांजर कमी घाबरतं. पण एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात, रिक्षात, आपली जाड सोलापुरी चादर चारी बाजूंनी? आत जीव गुदमरेल. पातळ सुती पंचा टाका, एक बाजू उघडी ठेवा. ती रोज ज्या चादरीवर झोपते ती मात्र त्या आठवड्यात धुऊ नका, खोलीत तिच्याजवळ अंथरा.

दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. पाणी पुरे.

उपाशी ठेवण्याचा सल्ला मला गोळीइतकाच चीड आणणारा वाटतो. काही दिवस पोटात काही गेलं नाही तर मांजराच्या यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ शकतं, लठ्ठ मांजरांना तर धोका जास्तच. पहिल्या संध्याकाळी नाक मुरडलं तर चालेल. पण पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर तेवढंही थांबू नका.