नॉरफोकचा ड्यूक धूर्त होता? मला नाही वाटत

ट्यूडर या इंग्लंडच्या राजघराण्यावरच्या मालिका बघणाऱ्यांचं एक ठरलेलं मत असतं: थॉमस हॉवर्ड, नॉरफोकचा तिसरा ड्यूक, म्हणजे पक्का कारस्थानी म्हातारा. आठव्या हेन्रीच्या दरबारात भल्याभल्यांची मुंडकी उडाली, हा मात्र ऐंशी पार करून अंथरुणात मेला, म्हणजे डोकं असणारच! मला हे पटत नाही. मला तो आयुष्यभर घाबरलेला माणूस वाटतो.

भीतीचं मूळ 1485 मध्ये आहे. बॉसवर्थच्या लढाईत त्याचे आजोबा तिसऱ्या रिचर्डच्या, म्हणजे हरलेल्या राजाच्या, बाजूने लढताना पडले. वडील टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत, पदव्या आणि जमिनी जप्त. गेलेली ड्यूकची पदवी परत मिळवायला 1514 उजाडलं, तेही वडिलांनी आदल्या वर्षी फ्लॉडनला स्कॉट लोकांना धूळ चारली म्हणून. चुकीच्या राजाच्या मागे उभं राहिलं की काय होतं, हे या पोराने बारा वर्षांचा असताना पाहिलं होतं.

त्यानंतर या घराण्याने राजाला कशालाच नाही म्हटलं नाही. 1521 मध्ये बकिंगहॅमच्या ड्यूकला देहदंड सुनावला तो थॉमसच्या वडिलांनी. बकिंगहॅम त्यांचा व्याही, थॉमसचा सख्खा सासरा! 1536 मध्ये थॉमसची पाळी आली. सख्खी भाची ॲन बोलिन, इंग्लंडची राणी, समोर उभी आणि हा न्यायासनावर. जाळायचं की शिरच्छेद करायचा हे राजाच्या मर्जीवर, अशी शिक्षा त्याने वाचली. तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणतात. असेलही. शिक्षा वाचायची मात्र थांबली नाही.

पुढच्या वर्षी उत्तरेतल्या बंडानंतर कार्लाइलला त्याने लष्करी कायदा लावून 74 जणांना फाशी दिलं, त्यांच्याच गावांमध्ये. ज्यूरीपुढे नेलं असतं तर यातला पाचातला एकही दोषी ठरला नसता, असं त्याने स्वतःच लंडनला कळवलं. बायकांनी रात्री नवऱ्यांची प्रेतं उतरवून पुरली, तर राजाला त्याचाही तपास हवा होता. तोही यानेच केला. मला ॲनच्या खटल्यापेक्षा हे जास्त अस्वस्थ करतं, कारण इथे तो काय करतोय हे त्याला नीट ठाऊक होतं.

मग 1540. राजाचा मुख्य मंत्री थॉमस क्रॉमवेल मर्जीतून उतरला. 28 जुलैला एकाच दिवशी क्रॉमवेलचं डोकं उडालं आणि हेन्रीने थॉमसची पुतणी कॅथरीन हॉवर्ड हिच्याशी लग्न केलं. हॉवर्ड मंडळींची चंगळ दीड वर्षही टिकली नाही. कॅथरीन व्यभिचाराच्या आरोपात अडकल्यावर काकांनी राजाला पत्र लिहून सावत्र आई, भाची, पुतणी सगळ्यांपासून हात झटकले.

आणि एवढं करून मिळालं काय? डिसेंबर 1546 मध्ये तो आणि मुलगा हेन्री, सरेचा अर्ल, दोघेही टॉवरमध्ये. सरे म्हणजे इंग्रजीत सॉनेट रुजवणाऱ्या पहिल्या कवींपैकी एक. गुन्हा काय, तर एडवर्ड द कन्फेसर या जुन्या इंग्लिश राजाची राजचिन्हं स्वतःच्या ढालीवर मिरवली. 12 जानेवारीला बापाने मुलाचा राजद्रोह आपण लपवला अशी कबुली दिली, 13 ला मुलगा दोषी ठरला, 19 ला त्याचं मस्तक गेलं. बापाला दोषी ठरवणाऱ्या कायद्याला 27 जानेवारीला मंजुरी मिळाली आणि 28 च्या पहाटे आठवा हेन्री स्वतःच मेला.

म्हणून ड्यूक वाचला! यात कसली आलीये हुशारी? राजा आणखी दोन दिवस जगला असता तर आज आपण त्याला 'धूर्त' म्हटलं नसतं.

हेन्रीच्या मुलाची, सहाव्या एडवर्डची, सगळी कारकीर्द त्याने टॉवरमध्ये काढली. 1553 मध्ये नव्या राणीने, मेरीने, सोडलं, तर बाहेर येताच पुन्हा न्यायासनावर, मेरीला गादीपासून दूर ठेवू पाहणाऱ्या नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकला मृत्युदंड सुनावायला. 1554 मध्ये मेरीविरुद्धचं वायटचं बंड मोडायला ऐंशीच्या वयात सैन्य घेऊन रॉचेस्टरला गेला, तिथे त्याचीच लंडनची माणसं बंडखोरांना जाऊन मिळाली. त्याच ऑगस्टमध्ये केनिंगहॉलला वारला. पदवी गेली नातवाकडे. त्याने स्कॉटलंडच्या मेरीशी लग्न करायचा घाट घातला आणि 1572 मध्ये एलिझाबेथने त्याचा शिरच्छेद केला.