कपाळावरची राख आणि बंद दार

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की आमच्या वसईच्या ग्रुप्सवर दरवर्षी तोच वाद सुरू होतो. काहीजण म्हणतात श्रद्धा मनात असते, कपाळाला राख लावून विरार लोकलमध्ये फिरायची काय गरज, मिरवणुका काय, नोव्हेनाचे (नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे) स्टेटस काय, सगळा दिखावा. दुसरे म्हणतात लाजायचं कशाला, ख्रिस्ती आहोत तर जगाला दिसलंच पाहिजे. मला दोघांचंही अर्धंच पटतं आणि का ते आज जरा सविस्तर लिहितेय, पोस्ट मोठी झालीय पण वेळ काढून वाचा.

त्या दिवशीच्या मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) बायबलमधली वाचनं कधी नीट ऐकलीत का? पहिलं वाचन योएल संदेष्ट्याचं. त्यात देव म्हणतो कपडे फाडू नका, हृदय फाडा. म्हणजे आतलं बघा. आणि लगेच दोन-चार ओळींनंतर तोच योएल सांगतो सियोनात (यरुशलेमात) शिंग फुंका, सगळ्यांना गोळा करा, म्हातारे आणा, अंगावर पिणारी लेकरं आणा, नवरा-नवरीलासुद्धा खोलीतून बाहेर बोलवा! मग शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचं वाचन, मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं, त्यात येशू म्हणतो दान करताना पुढे शिंग वाजवू नका, प्रार्थना करायची तर खोलीत जाऊन दार लावून घ्या, उपास असेल तर तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, कोणाला कळू देऊ नका. हे ऐकून झालं की आपण उठतो, रांगेत उभे राहतो आणि कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतो!

मला हे विचित्र वाटत नाही, उलट चर्चने फार शहाणपणाने केलंय असं वाटतं. दोन्ही गोष्टी एकाच तासात समोर ठेवल्यात, एक उचलून दुसरी टाकायची सोयच ठेवली नाही. आणि राख क्रूसाच्या आकारात कपाळावरच हवी असंही काही नाही, इटलीत बऱ्याच ठिकाणी ती टाळूवर भुरभुरतात, केसांत जाते, बाहेर कोणाला दिसतही नाही. 2021 ला कोविडमध्ये व्हॅटिकनने सगळीकडे तसंच करायला सांगितलं होतं. त्यामुळे राख दिसली तरच उपवासकाळ सुरू झाला असं नाही, आणि दिसली म्हणजे ढोंग असंही नाही. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीच्या रविवारच्या) सुकलेल्या झावळ्या जाळून केलेली ती राख, आपण ज्या हातात धरून होसान्ना गायलो होतो त्याच. आपला मागचा उत्साहच जाळून आपल्याला लावतात, मग त्यात मिरवण्यासारखं काय आहे सांगा.

आता जे म्हणतात ‘माझं देवाशी नातं पर्सनल आहे, चर्चला यायची गरज नाही’, त्यांच्यासाठी. आमच्या आळीत एका काकींचे मिस्टर अचानक गेले. आपल्याकडे मयतीनंतर संध्याकाळी घरी रोझरी (माळेवरची सामूहिक प्रार्थना) असते तशी होती. काकी भिंतीला टेकून बसलेल्या, माळ हातात पण बोटं एकाच मण्यावर थांबलेली, तोंडातून शब्द फुटत नव्हता. बाजूच्या बायका नमो मरिये, ही मरियामातेची प्रार्थना, म्हणत होत्या, थोड्या वेगाने, थोड्या बेसूर, कोणी मधेच लहान पोराला गप्प करतंय, आणि काकींची प्रार्थना त्या बायकांनी त्यांच्या वतीने पूर्ण केली. त्या बायकांना त्या क्षणी आतून किती भक्ती वाटत होती मला माहीत नाही आणि त्याने फरकही पडत नाही. एकत्र केलेली प्रार्थना बऱ्याचदा माझ्यासाठी नसतेच, ती बाजूला बसलेल्या माणसासाठी असते ज्याचा धीर आज संपलाय. सगळेच आपापल्या खोलीत दार लावून बसले असते तर काकींनी काय केलं असतं?

पण हेही खरं की त्या बायकांना ते शब्द तोंडपाठ होते कारण वर्षानुवर्षं त्यांनी ते घरी म्हटलेत, भाकऱ्या थापताना, पोरं झोपल्यावर, कोणी बघत नसताना. विहिरीत पाणी नसेल तर रहाट कितीही फिरवा. घरी प्रार्थनेला पाच मिनिटं नाहीत आणि फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) दिवशी झेंडा धरायला सगळ्यात पुढे, याने मला खरंच वाईट वाटतं. राग नाही, वाईट वाटतं, कारण तो माणूस स्वतःच उपाशी राहतो.

चर्चने मिशनकार्याचे (धर्मप्रसाराच्या कामाचे) दोन मुख्य आश्रयदाते संत मानलेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक आपल्या गोव्याचे संत फ्रान्सिस झेवियर, ज्यांनी भारत, मलाका, जपानपर्यंत प्रवास केला. आणि दुसरी बाळ येशूची संत तेरेजा, फ्रान्सच्या लिझ्यू गावातली, पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि 1897 साली वयाच्या चोविसाव्या वर्षी तिथेच वारली. मिशनसाठी ती कुठेही गेली नाही, मठाच्या भिंतीआडून फक्त प्रार्थना आणि पत्रं. तरी 1927 ला पोपनी तिला झेवियरच्या बरोबरीने बसवलं. आणि नगरकडच्या आपल्या प्रोटेस्टंट भावंडांकडे बघा, रेव्हरंड ना. वा. टिळक या ख्रिस्ती कवींची पदं ही एका माणसाने एकट्याने देवाशी केलेलं बोलणं आहे, पण आज अख्खं देऊळ (चर्चला ते देऊळच म्हणतात) टाळ-पेटीवर ती गातं. आत आणि बाहेर यांची भांडणं आपण लावलीत.

म्हणून माझं स्पष्ट मत, लोकांच्या उपयोगाचं असेल ते उघड करा, बिनधास्त करा. आजारी माणसाच्या घरी जा, रोझरीला जा, ट्रेनमध्ये कोणी विचारलं ताई कपाळाला काय लागलंय तर नीट प्रेमाने सांगा, पुसून टाकू नका. येशूनेच त्याच डोंगरावरच्या प्रवचनात दिवा मापाखाली ठेवू नका म्हटलंय. पण जे फक्त देवाचं आहे, तुमचा उपास, तुमचं दान, तुमचे अश्रू, ते देवाकडेच राहू द्या. ‘आज माझा उपास’ असा स्टेटस नको.

आणि पॅरिश कौन्सिलवाल्यांना, म्हणजे आपल्या चर्चच्या कमिटीला, एक विनंती. मिस्साचं लाइव्ह स्ट्रीम बंद करू नका, अंथरुणाला खिळलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा तोच आधार आहे. फक्त शुक्रवारच्या क्रूसाच्या वाटेला (येशूच्या दुःखसहनाच्या प्रार्थनेला) कॅमेरा वेदीवर आणि क्रूसावर ठेवा, गुडघे टेकलेल्या लोकांच्या चेहऱ्यांवर झूम करू नका. कन्फेशनच्या (फादरांकडे पापांची कबुली द्यायच्या) रांगेवर तर अजिबात नको.