गावाचं पॅकेज बांधताय? आधी दुसऱ्या रात्रीचं बघा

ग्रामीण पर्यटनाची पॅकेजं बऱ्यापैकी एकाच साच्यातली असतात. सकाळी बस येते, स्वागत होतं, शिवारात एक फेरी, जेवण, थोडं नाचगाणं, फोटो, आणि अंधार पडायच्या आत बस परत. माझं मत सरळ आहे. ज्या पॅकेजात मुक्काम नाही, त्यातून गावाच्या हाती फारसं काही लागत नाही. आणि मुक्काम एकाच रात्रीचा असेल, तर पाहुणा रात्री येऊन झोपतो आणि सकाळी निघतो. म्हणून मी दुसरी रात्र बघतो.

दिवसभरासाठी येणारा माणूस गावचा रस्ता, पाणी, पार्किंग सगळं वापरतो. खर्च मात्र गाडीवर आणि एजंटवर झालेला असतो. ऑस्ट्रियातलं हालस्टाट हे साताठशे वस्तीचं गाव. गर्दीच्या दिवसात तिथे दहा हजारांपर्यंत लोक येऊन जातात. २०२० मध्ये टूरच्या बसना वेळ ठरवून द्यावी लागली, आणि तरीही २०२३ मध्ये गावकरी निदर्शनं करत रस्त्यावर उतरले. त्यांची तक्रार प्रामुख्याने दिवसापुरत्या येणाऱ्या लोंढ्याबद्दल होती.

आता खरी अडचण. एका गावात दोन दिवस पुरेल इतकं बहुतेक वेळा नसतंच. ते मान्य करून पुढे जायला हवं. एका गावात विणकाम, दुसऱ्यात तळं आणि पक्षी, तिसऱ्याचा आठवडी बाजार, चौथ्यात राहायला बरी घरं, असं तीन-चार गावांचं मिळून जे होतं ते पॅकेज. नुसती खोली, गाडी आणि जेवण यांची बेरीज करून एक दर छापणं कुणालाही जमतं. गावं एकत्र आणणं अवघड. (लांबून आलेल्या पाहुण्याशी पटकन जमतं, शेजारच्या गावाशी जमवताना तोंडाला फेस येतो. ज्यांनी केलंय त्यांना विचारा.)

दुसरा प्रश्न पैसा कुणाच्या घरात जातो याचा. नेपाळमधल्या सिरुबारीत १९९७ मध्ये होमस्टे सुरू झाला, तेव्हापासून पाहुणा कुठल्या घरी जाणार हे गावाची समिती पाळीने ठरवते. पाळी नसेल तर रस्त्यालगतची, पक्क्या बांधणीची दोन-तीन घरंच कमावतात आणि बाकीचं गाव फक्त धूळ खातं. इटलीत १९७६ च्या फ्रिउली भूकंपानंतर ओस पडलेली घरं पुन्हा वापरात आणायच्या विचारातून ‘अल्बेर्गो दिफ्फुझो’ पुढे आलं: नोंदणी एका जागी, खोल्या गावभर विखुरलेल्या घरांत. केरळच्या कुमरकोममध्ये २००८ पासून वेगळी वाट धरली गेली. मोठी हॉटेलं होतीच. त्यांनी भाजीपाला स्थानिक बायकांच्या गटांकडून घ्यावा आणि पाहुण्यांना काथ्या वळणं, झावळ्या विणणं बघायला गावात आणावं, अशी घडी बसवली. तिन्हीकडे बांधणी वेगळी आहे, पण वाटप आधी ठरलं होतं.

कार्यक्रमाबद्दल थोडक्यात. गावाचं काम पाहुण्यांच्या सुट्टीप्रमाणे चालत नाही. पेरणी दर रविवारी होत नाही, त्यामुळे तिचं नाटक करू नका. महिन्याप्रमाणे पॅकेज बदला, आणि ज्या महिन्यात सगळं गाव कामात बुडालेलं असतं तेव्हा सरळ बुकिंग बंद ठेवा. धंदा बुडेल म्हणणारे भेटतील. भेटू द्या.

आणि जबाबदारी! दोन-तीन सेवा एकत्र विकल्या की त्यातलं काही बिनसलं तर उत्तर कोण देणार? युरोपीय संघाने २०१५ च्या निर्देशात हे सोडवलंय: पॅकेजचा आयोजक त्यातल्या सगळ्या सेवांसाठी जबाबदार, मग ती सेवा दुसऱ्या कुणी दिलेली असली तरी. गावोगावच्या व्यवहारात मात्र हे तोंडीच राहतं. ठरलेली होडी आली नाही तर होमस्टेवाल्या बाईला बोलणी बसतात, तिचा त्यात काही संबंध नसताना. पाहुण्याने ऐनवेळी बेत रद्द केला तर ॲडव्हान्स शहरातल्या ऑफिसात राहतो, आणि तिने भरून ठेवलेला किराणा तिच्या गळ्यात पडतो. त्यामुळे टूरवाल्याशी करार करायला बसाल तेव्हा कमिशनवर घासाघीस नंतर करा. ॲडव्हान्समधला किती हिस्सा, पाहुणा यायच्या किती दिवस आधी गावाच्या खात्यात जमा होणार, हे पहिल्या पानावर लिहून घ्या.