पाणी तोडून वजन उतरवण्याचे ‘आयोवा तंत्र’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

आठवड्यापूर्वी कोल्हापूरहून बहिणीचा फोन आला आणि ख्यालीखुशालीही न विचारता तिने सवाल केला, “दादा, तुमच्या तिकडची पोरं कुस्तीआधी चार दिवस पाणी पीत नाहीत, हे खरं आहे का?” मी आयोवा राज्यातील डी मॉइन शहरात राहतो आणि कॉलेजच्या कुस्त्या नेमाने पाहतो, म्हणून ती माझ्याकडे वळली. तिचा सोळा वर्षांचा मुलगा दोन वर्षांपासून तालमीत राहतो. सतरा वर्षांखालील निवड चाचणीत त्याला 55 किलोच्या गटात उतरायचे होते, काटा मात्र 58 किलो 600 ग्रॅम दाखवत होता आणि हातात दोनच दिवस उरले होते. तालमीतल्या पोरांच्या व्हॉट्सॲप समूहावर आलेला एक संदेश वाचून त्याने पाणी बंद केले होते आणि रेनकोट अंगात घालून, खोलीची दारे-खिडक्या लावून तो दोरउड्या मारत होता. चक्कर येऊन तो खाली बसला, तेव्हा कुठे ही गोष्ट घरी कळली.

तो संदेश मी मागवून घेतला. आयोवा विद्यापीठ आणि आयोवा स्टेट विद्यापीठ यांच्यात होणाऱ्या कुस्ती सामन्याची ओळख करून देण्याचा त्याचा आव आहे आणि त्यात पाच दावे आहेत. अमेरिकेतील कुस्ती दूरचित्रवाणीवर दिसते तशीच आधी ठरवलेली असते. ही दोन्ही विद्यापीठे एकाच संस्थेच्या शाखा असल्यामुळे त्यांची लढत म्हणजे नुरा, अर्थात संगनमताची कुस्ती आहे. निकाल नेहमी एकतर्फी लागतो. तिथल्या पोरांना कोट्यवधी रुपये मिळतात. आणि शेवटी, त्यांच्या यशाचे गुपित असे की चार दिवस पाणी तोडून, रबरी पोशाख घालून, वाफेच्या खोलीत बसून ते एका रात्रीत पाच किलो उतरवतात. आपल्या लोकांना हे तंत्र अवगत नाही, म्हणूनच विनेश फोगाट 100 ग्रॅमसाठी पदकाला मुकली. खाली ‘जास्तीत जास्त पैलवानांपर्यंत पोहोचवा’ अशी विनंती आहे आणि दुर्दैवाने लोकांनी ती मनावर घेतलेली दिसते.

शेवटचा दावा मी आधी घेतो, कारण बाकीचे चार अज्ञानातून आलेले आहेत आणि हा जीव घेणारा आहे.

हे ‘तंत्र’ अमेरिकेत एके काळी सर्रास वापरले जात असे, हे खरे आहे. ते का थांबवावे लागले, एवढेच संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. 1997 च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये, अवघ्या 33 दिवसांत, नॉर्थ कॅरोलायना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या तीन राज्यांतील तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना मरण पावले. त्यांची वये 19, 22 आणि 21 होती. सीडीसी या अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने फेब्रुवारी 1998 मध्ये या मृत्यूंचा अहवाल आपल्या साप्ताहिकात प्रसिद्ध केला. मी तो यापूर्वीही वाचला होता, आता पुन्हा वाचला, आणि वाचताना भाच्याची ती बंद खोली डोळ्यांसमोरून हलेना. तिघांनीही खाणेपिणे तोडले होते, तिघांनीही वाफ बाहेर जाऊ न देणारे पोशाख घातले होते आणि तिघेही गरम जागेत व्यायाम करत होते. संदेशात यशाचे गुपित म्हणून जे छापले आहे, ते त्या अहवालात मृत्यूचे कारण म्हणून नोंदवलेले आहे.

याचे शरीरशास्त्र अवघड नाही. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होते. रबरी पोशाखात तो वाळतच नाही, म्हणून घाम वाहत राहतो आणि शरीराचे तापमान मात्र चढत जाते. त्यातच पाणी बंद केले, तर रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, थोड्या रक्तानिशी स्नायू आणि कातडी दोन्हींना पुरे पडण्यासाठी हृदयाला धावाधाव करावी लागते, क्षारांचे गणित बिघडते आणि मूत्रपिंडे थकतात. काट्यावर जी घट दिसते ती पाण्याची असते. चरबी एका रात्रीत जळत नाही.

या तीन मृत्यूंनंतर काही आठवड्यांतच कॉलेज क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने नियम बदलले. रबरी पोशाख, वजनासाठी सौनाचा (घाम काढणाऱ्या गरम खोलीचा) वापर आणि लघवी वाढवणारी औषधे यांवर बंदी आली. वजनगटच वर सरकवले गेले. सर्वांत हलका गट 118 पौंडांचा होता तो 125 पौंडांचा, म्हणजे सुमारे 57 किलोंचा झाला. हंगामापूर्वी प्रत्येक मल्लाच्या लघवीची तपासणी करून अंगात पुरेसे पाणी असल्याची खात्री केली जाते, मग चरबी मोजली जाते, आणि शरीरात किमान 5 टक्के चरबी राहिलीच पाहिजे असे धरून त्याचे त्या हंगामातील किमान वजन ठरवले जाते. त्याखालच्या गटात त्याला उतरता येत नाही आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक घटही चालत नाही. हा हिशेब भाच्याला लावला, तर दोन दिवसांत जे वजन तो उतरवू पाहत होता, त्यासाठी आयोवातील मल्लाला चार आठवड्यांहून अधिक काळ घ्यावा लागला असता.

वजन करण्याची वेळही बदलली आहे. दोन विद्यापीठांच्या सामन्यात मल्ल काट्यावर चढतात ते सामन्याच्या साधारण तासभर आधी. पूर्वी वजन आणि कुस्ती यांच्यात बराच अवधी असे, तेवढ्यात पाणी पिऊन, खाऊन अंगातील ताकद परत आणण्याची आशा तरी धरता येत होती. आता रात्रभर अंग पिळून काढलेला मल्ल तासाभरात मॅटवर उभा राहिला, तर सात मिनिटांची कुस्ती त्याला झेपणार नाही. संदेशात ज्या तंत्राचे कौतुक आहे, ते निरुपयोगी व्हावे म्हणूनच हा नियम केलेला आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. वजन उतरवण्याचा प्रकार तिथून हद्दपार झाला आहे असे मी म्हणणार नाही. पोरे अजूनही जाड कपडे घालून पळतात, शेवटच्या दिवशी घोट मोजून पाणी पितात आणि काट्यासमोर त्यांचे चेहरे ओढलेले दिसतात. पण डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि नियमपुस्तक यांच्या नजरेखाली दोन पौंड कमी करणे वेगळे आणि तालमीतल्या बंद खोलीत एकट्याने साडेतीन किलो उतरवणे वेगळे.

विनेशचा उल्लेख तर विशेष खटकणारा आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, 2024 च्या ऑगस्टमध्ये, तिने पहिल्या दिवशी 50 किलोचे वजन दिले होते आणि तीन कुस्त्या जिंकल्या होत्या. आंतरराष्ट्रीय नियमानुसार दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन द्यावे लागते, आणि तिथे 100 ग्रॅम जास्त भरले. त्या रात्री तिच्या पथकाने व्यायाम, सौना, पाणी तोडणे, शेवटी केस कापणे, असे सारे करून पाहिले होते. म्हणजे ‘तंत्र अवगत नव्हते’ हे विधान तद्दन खोटे आहे. तंत्र अवगत होते, ते पुरे पडले नाही. त्याच स्पर्धेत अमन सहरावतने दहा तासांत 4.6 किलो उतरवून कांस्यपदक मिळवले, हा दाखला कोणी देईल. त्याच्याबरोबर रात्रभर प्रशिक्षक जागे होते. माझ्या भाच्याबरोबर मोबाईल होता.

आता उरलेले मुद्दे. दूरचित्रवाणीवरील दोरांच्या रिंगणातला तमाशा आणि कॉलेजची कुस्ती यांचा संबंध कोल्हापूरच्या खासबागेतील कुस्ती मैदानाचा आणि नाटकातील तलवारबाजीचा असावा तेवढाच आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. पैशांचा मुद्दा अर्धा खरा आहे. 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि छबीच्या जाहिरातीतून कमाई करण्याची मुभा मिळाली आणि मोजक्या नामवंत मल्लांना बरी रक्कम मिळते. मात्र अनेक वर्षे संपूर्ण कुस्ती संघामागे 9.9 शिष्यवृत्त्या एवढीच मर्यादा होती आणि तीसेक पोरांत त्या तुकड्यातुकड्यांनी वाटल्या जात. ‘कोट्यवधी’ हा शब्द पाठवणाऱ्याने कुठून आणला, ते तोच जाणे.

‘एकाच संस्थेच्या शाखा’ या विधानात सत्याचा कण आहे, तो असा की दोन्ही सरकारी विद्यापीठांवर राज्याच्या एकाच नियामक मंडळाची देखरेख आहे. बाकी सगळे वेगळे आहे. आयोवा विद्यापीठ 1847 चे, आयोवा सिटीतले, काळ्या-सोनेरी रंगाचे आणि ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या क्रीडासंघातले. आयोवा स्टेट 1858 मध्ये शेतकी महाविद्यालय म्हणून स्थापन झालेले, एम्सचे, लाल-सोनेरी रंगाचे आणि ‘बिग ट्वेल्व्ह’ या दुसऱ्या क्रीडासंघातले. दोघांच्या मधल्या गावांत एकाच घरात दोन रंगांचे सदरे वाळत असतात आणि सामन्याच्या दिवशी भावाभावांत अबोला असतो. 2008 च्या डिसेंबरमध्ये आयोवा सिटीच्या कार्व्हर-हॉकाय अरीनात हा सामना पाहायला 15,955 माणसे आली होती. नुरा कुस्ती पाहायला इतकी माणसे बर्फातून गाडी हाकत येत नाहीत.

संगनमताचा पुरावा म्हणून संदेशात म्हटले आहे की आयोवा स्टेटचा प्रशिक्षक मूळचा आयोवाचाच आहे. हे खरे आहे. 2017 पासून एम्समध्ये प्रशिक्षक असलेले केविन ड्रेसर 1986 मध्ये आयोवाकडून राष्ट्रीय विजेते झाले होते. पण मग डॅन गेबल यांचे काय करायचे? ते आयोवा स्टेटचे पैलवान. कॉलेजमध्ये 117 कुस्त्या जिंकले आणि एकच हरले, तीही 1970 च्या अंतिम फेरीत, लॅरी ओविंग्स यांच्याकडून 13-11 अशी. 1972 मध्ये म्युनिक ऑलिंपिकला एकही गुण न देता त्यांनी सुवर्णपदक जिंकले आणि त्यानंतर ते प्रशिक्षक झाले ते प्रतिस्पर्धी आयोवाचे. 1976 ते 1997 या काळात त्यांनी आयोवाला 15 राष्ट्रीय सांघिक विजेतेपदे मिळवून दिली. सलग नऊ विजेतेपदांनंतर 1987 मध्ये दहावे समोर दिसत असताना त्यांची वाट अडवली कोणी? त्यांच्याच जुन्या आयोवा स्टेटने. एका वस्तादाचा पठ्ठा दुसऱ्या तालमीचा वस्ताद झाला की कुस्ती सैल होत नाही, अधिक चिवट होते, हे निदान कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला तरी समजावून सांगावे लागू नये.

राहिला एकतर्फी निकालाचा मुद्दा. आकडे वरवर पाहिले तर तो खरा वाटतो, कारण 2004 मधील विजयानंतर आयोवा स्टेटला या लढतीत जवळपास दोन दशके जिंकता आले नाही, आणि आयोवाची 24 राष्ट्रीय विजेतेपदे समोरच्या 8 पेक्षा कितीतरी अधिक आहेत. पण याच काळात 2018 चा सामना 19-18 असा आणि 2023 चा 18-17 असा सुटला. दोन्ही वेळा फरक एका गुणाचा होता, आणि तो कसा पडतो हे कळल्याशिवाय या सामन्याची गंमत कळत नाही.

‘एक पोरगा चीतपट झाला की सामना संपला’ असे संदेशात जाता जाता म्हटले आहे, तेही चूक आहे. 125 पासून 285 पौंडांपर्यंत दहा गटांत दहा कुस्त्या होतात. कुस्तीत मल्ल डावांवर स्वतःचे गुण मिळवतो; त्यांत सात गुणांपर्यंतच्या फरकाने जिंकल्यास संघाला 3 गुण मिळतात, फरक 8 ते 14 असेल तर 4, पंधरा गुणांची आघाडी होऊन कुस्ती थांबवली तर 5 आणि चीतपट केल्यास 6. त्यामुळे दोघांनी पाच-पाच कुस्त्या जिंकल्या तरी एक चीतपट सारे पारडे फिरवते. म्हणून माझे लक्ष जिंकणाऱ्यांपेक्षा हरणाऱ्यांवर अधिक असते. सात गुणांनी मागे असलेला मल्ल शेवटच्या तीस सेकंदांत आणखी एक पट, म्हणजे पाय धरून खाली घेण्याचा डाव, निघू देत नाही, तेव्हा तो हरूनही संघाचा एक गुण वाचवतो. 2023-24 च्या हंगामापासून पट काढून खाली घेण्याला दोनऐवजी 3 गुण मिळू लागले आहेत, त्यामुळे ही राखण अधिक कठीण झाली आहे. खाली गेलेल्याला मिनिटभराहून जास्त दाबून धरल्याचाही वेगळा गुण असतो. यंदाचा सामनाही मला अशाच चिल्लर गुणांवर सुटेलसा वाटतो, आणि तो गुण ज्याच्या पायांत शेवटच्या मिनिटाला दम शिल्लक आहे तोच वाचवेल. चार दिवस पाणी न प्यायलेल्या मल्लाच्या पायांत तो कुठून यावा?

भाच्याशी मी दोनदा बोललो. पहिल्यांदा तो ऐकायला तयार नव्हता. “मामा, संदेशात आयोवाचंच नाव आहे,” हे त्याचे पालुपद होते. मग अहवालातील ती तीन वये मी त्याला वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या वस्तादांना हा संदेश ठाऊकच नव्हता. कळल्यावर त्यांनी आधी त्याला फैलावर घेतले, मग लिंबू-मीठ-साखरेचे पाणी समोर बसवून पाजले आणि त्याचे नाव 60 किलोच्या गटात घातले. तिथे त्याच्याहून अंगाने भरलेली पोरे आहेत आणि यंदा निवड होणे कठीण आहे, हे त्यांनी लपवले नाही.

काल रात्री त्याचा पुन्हा फोन आला. आयोवात असतो तर मी कोणत्या गटात लढलो असतो, असे त्याने विचारले. मी म्हणालो, 133 पौंडांच्या. त्या गटाची कुस्ती साधारण कितव्या मिनिटाला लागते, हे त्याने विचारून घेतले. आपल्याकडे तेव्हा रात्र असेल, पण तो जागणार आहे.