‘७० टक्के’चा खरा अर्थ

‘संमोहन जोडलं की सीबीटीचा (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराचा) गुण ७० टक्क्यांनी वाढतो,’ हा फिरणारा दावा चुकीचा आहे. आकडा मानसशास्त्रज्ञ आयर्विंग कर्श आणि सहकाऱ्यांच्या १९९५च्या, १८ अभ्यासांच्या विश्लेषणातला. संमोहनासह उपचार घेतलेला सरासरी रुग्ण संमोहनाविना उपचार घेतलेल्या किमान ७० टक्के रुग्णांपेक्षा सरस ठरला, एवढंच त्यात म्हटलंय. संमोहनाचा काहीच उपयोग नसता तरी इथे ५० टक्के आले असते! शिवाय वजन घटवण्याच्या अभ्यासांतला मोठा फरक १९९६च्या फेरतपासणीत बराच आक्रसला.

दोन्ही एकत्र कसे वापरतात? लिफ्टची भीती असेल तर संमोहनात दार बंद होतानाची धडधड कल्पनेत अनुभवायची, भीतीमागचा, सीबीटीच्या सत्रात तपासून सुधारलेला विचार तिथेच मनात आणायचा. पण खऱ्या लिफ्टमध्ये चढण्याचा गृहपाठ टाळला, तर भीती बहुधा तशीच राहते. विसरलेल्या आठवणी उकरायला संमोहन नकोच. खोट्या आठवणी तयार होऊ शकतात आणि त्या खऱ्या वाटतात.